खाडीच्या मुखाशी

मराठ्यांच्या आरमाराचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात ते सिंधुदुर्गाचे तट आणि विजयदुर्गाचे बुरूज. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे सागरी दुर्ग त्यांत आहेत. हा गौरव यथार्थच होय. परंतु ज्या विद्येवर या दुर्गांचे जीवित अवलंबून होते, ती दगडांत कोरलेली नव्हती. उथळ खाडीच्या मुखातून लहान गलबत सुखरूप आतबाहेर नेणे, ही ती विद्या. तिचे स्मरण येथे करावे, असा आमचा मानस आहे.

कोकणातील नद्या सह्याद्रीतून गाळ घेऊन येतात आणि समुद्राची लाट तो मुखाशीच अडवून धरते. त्यातून वाळूचा दांडा तयार होतो. त्याच्या कडेने जो खोल पाट उरतो, तीच गलबतांची वाट. दर पावसाळ्यानंतर ती थोडीफार सरकते. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला, तरी पहिली फेरी सावधपणेच करावी लागे. तांडेल बांबूने किंवा शिशाच्या ओळंब्याने पाण्याचा ठाव घेई आणि खोली वावांत सांगे. फुटणाऱ्या लाटांच्या पांढऱ्या रेषेवरून दांडा ओळखावयाचा आणि किनाऱ्यावरचे देऊळ व माड एका रेषेत आणून सुकाणू धरावयाचे, अशी ही रीत.

वेळेचे गणित पंचांगावर चाले. पक्षातील तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आत शिरावयाचे ते पाणी चढत असताना, कारण गलबत रुतले तरी पुढचे पाणी ते उचलते. ओहोटीत रुतलेले गलबत मात्र कित्येक तास कलंडून पडते. शिवाय बाहेर पडणारा ओहोटीचा ओघ आणि आत येणारी लाट यांची मुखाशी टक्कर होते, तेव्हा लहान नावेला तेथे सर्वाधिक धोका असतो.

या विद्येचे राजकीय मोल १६७९ मध्ये प्रत्ययास आले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी खांदेरी बेटावर तटबंदीचे काम आरंभिले. मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला वेढा घालून रसद तोडण्याचा प्रयत्न केला. परंतु नागावच्या खाडीतून निघालेल्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात बेटावर सामान पोचवीत राहिल्या. ऑक्टोबरमधील लढाईत मराठ्यांनी ‘डोव्हर’ हे गुराब पकडले. पुढे ‘रिव्हेंज’ या जहाजाने पाठलाग केला, तेव्हा मराठी गलबते नागोठण्याच्या खाडीकडे उथळ पाण्यात शिरली. जड जहाजाला तेथे येणे शक्य नव्हते. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांना तह करून माघार घ्यावी लागली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

१७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातही ही दृष्टी दिसते. वाऱ्यावाचून न चालणारी थोर जहाजे निष्कारण करू नयेत, मध्यम गुराबे व गलबते सजावीत, असा त्याचा आशय आहे. शिडांबरोबर वल्ह्यांवर चालणारे गलबत वारा पडला तरी थांबत नसे आणि थोड्या पाण्यातही तरत असे. कान्होजी आंग्र्यांचा दरारा याच बळावर उभा होता.

तथापि या विद्येची मर्यादाही आपण मान्य केली पाहिजे. खाडी जशी आश्रय देते, तशी ती कोंडूनही घालते. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार समुद्रातून आणि पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून विजयदुर्गावर चालून आले. तुळाजी आंग्र्यांची जहाजे एकमेकांना खेटून नांगरलेली होती. एका जहाजाला लागलेली आग सर्वत्र पसरली आणि ते आरमार भस्मसात झाले. ज्या उथळ पाण्याने तीन पिढ्या राखले, त्यानेच बाहेरची वाट उरू दिली नाही. त्याहून बोचरी गोष्ट ही की, त्या विनाशात मराठ्यांचाच हात होता.

गोमंतकीय वाचकांना हा विषय परका वाटणार नाही. पावसाळ्यात आग्वादचा दांडा मांडवीचे मुख धोक्याचे करी, तेव्हा खनिजाचे पडाव कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत उतरत. ग्वाल्हेरच्या मंडळींनाही आंग्रे घराण्याची सरदारकी ठाऊक आहेच. इंदूर, वडोदरे, हैदराबाद येथे वसलेल्या आपल्या घराण्यांचा समुद्राशी संबंध केव्हाच तुटला. तरीही आपण अद्याप मनाचा ‘ठाव’ घेतो आणि संसाराचे ‘सुकाणू’ धरतो. तिथी पाहून भरती सांगणारी वडीलधारी माणसे ज्या घरांत असतील, त्यांनी ते गणित नातवंडांच्या वहीत उतरवून ठेवावे, एवढीच आमची विनंती. तटाची डागडुजी सरकार करील. या वारशाची जबाबदारी मात्र आपलीच आहे.