एम-३ कार्बाइन व अवरक्त दुर्बीण : जीर्णोद्धार
अमेरिकी सैन्याची .३० कॅलिबरची कार्बाइन ‘स्नायपरस्कोप’ या अवरक्त दुर्बिणीसह प्रथम १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत आणि पुढे, एम-३ या नावाने, कोरियन युद्धात वापरली गेली. दुर्बिणीसोबतचा दिवा डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण लक्ष्यावर टाकतो. परतलेले किरण प्रतिमा-परिवर्तक नळीतील प्रकाशसंवेदी थरावर पडले की तेथून इलेक्ट्रॉन सुटतात आणि हजारो व्होल्टांच्या दाबाने वेग घेऊन अनुस्फुरक पडद्यावर हिरवट चित्र उमटवतात. जीर्णोद्धारात ही नळीच निर्णायक असते, कारण तिच्यातील निर्वात नाहीसा झाल्यास ती दुरुस्त होत नाही, दुसरी जुनी चालू नळी शोधावी लागते. तारांचे रबरी आवरण तडकते, संधारित्रे म्हणजे विद्युत्‌भार साठवणारे घटक निकामी होतात, आणि बंद उपकरणातही घातक भार शिल्लक राहू शकत असल्याने हे काम जाणकारानेच करावे. बंदुकीच्या बाबतीत संयम हेच खरे कौशल्य होय : अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घासून चकचकीत केल्यास तपासनिसांचे शिक्के पुसले जातात व वस्तूच्या इतिहासाची कायमची हानी होते, म्हणून तेलकट मळ हलक्या हाताने काढून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि पोलादावरील फॉस्फेटचा करडा थर, झिजलेला असला तरी, तसाच राखावा.