ब्रासरीतला चहा आणि आपली मुंबई

'ब्रासरी' हा शब्द फ्रेंच. मूळ अर्थ बिअर बनवण्याची जागा! पुढे बिअर आणि जेवण मिळणाऱ्या गजबजलेल्या खाणावळींना तेच नाव पडलं. पण लंडनच्या एखाद्या जुन्या हॉटेलातल्या ब्रासरीत दुपारी साडेतीनला जाऊन बघा. टाचणी पडली तरी ऐकू येईल. बिअरचा पत्ता नाही, सगळे चहा पीत बसलेले. मुंबई-पुण्याहून कोणी पाहुणे आले की मी त्यांना एकदा तरी अशा ठिकाणी नेतो. (खिशाला परवडेल तेव्हाच, हे सांगायला नको!)

टेबलावर तीन मजली स्टँड येतो. खाली काकडीचे बोटभर सँडविच, मध्ये स्कोन, वर केक. खालून वर खात जायचं. आपल्याकडे याला हौसेने 'हाय टी' म्हणतात, पण इंग्लंडात हाय टी म्हणजे कामगारांचं संध्याकाळचं पोटभर जेवण. हा जो नाजूक प्रकार आहे तो 'आफ्टरनून टी'.

बऱ्याच मेनूकार्डांवर एक गोष्ट छापलेली असते. बेडफर्डची डचेस ॲना हिला १८४० च्या सुमारास दुपारी चार-पाचला भूक लागायची. रात्रीचं जेवण उशिरा, मग तिने खोलीत चहा आणि काहीतरी खायला मागवायला सुरुवात केली. मैत्रिणींना बोलावलं, आणि प्रथा पडली. पुढे हॉटेलं आली. १८६५ साली उघडलेल्या लँगहॅमसारख्या भव्य हॉटेलांनी हा घरगुती चहा पैसे मोजणाऱ्या पाहुण्यांसाठी मांडला.

गोष्ट छान आहे, पण अर्धी आहे. आम्हा इंजिनिअर लोकांना 'इनपुट कुठून आलं?' हे विचारायची खोड. डचेसबाईंच्या कपातला चहा आला कुठून?

आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा आला तो १८३९ साली, तोही मोजक्या पेट्या. म्हणजे त्या काळात इंग्लंडात प्यायला जाणारा जवळजवळ सगळा चहा चीनचा. चीनला इंग्लंडच्या मालाची फारशी गरज नव्हती, त्यांना हवी होती चांदी. चांदी किती दिवस देणार? यावर तोडगा निघाला तो अफूचा. ईस्ट इंडिया कंपनी बिहार आणि बनारसकडची अफू कलकत्त्याला विकायची, खाजगी व्यापारी ती चीनमध्ये चोरून नेायचे. आणि माळव्याची अफू जायची आपल्या मुंबईहून! चीनच्या सरकारने अफू जप्त करून नष्ट केली, तेव्हा युद्ध झालं. ते पहिलं अफूयुद्ध १८३९ ते १८४२ चं. डचेसबाईंच्या भुकेची गोष्ट नेमकी त्याच वर्षांतली.

मुंबईचं आणि या चहाचं नातं तर त्याहून जुनं. १६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. हुंड्यात मुंबई आली. चहा इंग्लंडात आधीच पोचला होता, पण दरबारात त्याची फॅशन रुजली ती या राणीमुळे. १६६८ साली राजाने मुंबई कंपनीला दिली, वर्षाला १० पौंड भाड्याने! आज तेवढ्यात या ब्रासरीत दोघांचा चहासुद्धा होणार नाही.

पुढे चीनच्या व्यापारातून मुंबईतही बक्कळ पैसा आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती कापूस आणि अफूच्या व्यापारातली. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेल्या जे. जे. हॉस्पिटलने लाखो गरिबांचे प्राण वाचवले. हिशोब सरळ नाही, मंडळी. चीनमधल्या कुटुंबांची राखरांगोळी आणि भायखळ्यातल्या रुग्णांचा दिलासा एकाच खातेवहीत आहेत.

साखरेचंही तसंच. ती बरीचशी कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेली. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना २ कोटी पौंड भरपाई दिली गेली, ती मालकांना. गुलामांना एक पैसाही नाही.

चहा पिऊ नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः दिवसातून चार कप पितो. पण ही शांतता आणि ही टापटीप केवळ एका बाईंच्या भुकेतून आली, ही गोष्ट फारच सोयीची आहे. मेनूकार्डावर डचेसबाईंना जागा आहे, तर एक ओळ कँटन आणि मुंबईच्या बंदरांनाही द्यायला काय हरकत आहे?