मिलच्या घरातील दोन धडे

जॉन स्टुअर्ट मिल हे नाव महाराष्ट्राला परके नाही. आगरकरांच्या विचारांवर त्याची छाप होती, हे सर्वश्रुत आहे. आज आम्ही त्याच्या ग्रंथांपेक्षा त्याच्या घराकडे वळतो. आईबापांनी आपली श्रद्धा वा अश्रद्धा मुलांना द्यावी काय, ह्या प्रश्नावर ते घर पुष्कळ प्रकाश टाकते.

जॉनचा जन्म १८०६ चा. बाप जेम्स मिल मूळचा स्कॉटलंडचा. त्याने धर्मोपदेशकाचे शिक्षण घेऊन १७९८ मध्ये प्रवचनाचा परवानाही मिळविला होता. पण इतक्या दुःखाने भरलेले जग सर्वशक्तिमान व परमदयाळू ईश्वराने निर्मिले, हे त्याला पुढे पटेना. मुलाला त्याने घरीच शिकविले. तिसऱ्या वर्षी ग्रीकचा श्रीगणेशा झाला. ‘मला कोणी निर्मिले?’ ह्याला उत्तर नाही, कारण ‘ईश्वराने’ म्हणावे तर ‘ईश्वराला कोणी?’ हा प्रश्न उरतोच, असे तो मुलाला सांगे. मात्र धर्मसंस्थेचा इतिहास त्याने मुलाला आवर्जून वाचावयास लावला.

हा झाला पहिला धडा. दुसरा असा, की हे मत चारचौघांत बोलू नये. बापाची भीती अगदीच निराधार नव्हती. पुढे १८५७ मध्येदेखील कॉर्नवॉल परगण्यात थॉमस पूली ह्या इसमाला फाटकावर ख्रिस्ती धर्माविरुद्ध मजकूर लिहिल्याबद्दल २१ महिन्यांची शिक्षा झाली. माफी मागाहून मिळाली. १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’त जॉनने ही हकीकत नोंदविली आहे. तरीही, लहान वयात मन झाकून ठेवण्याची शिकवण मिळाल्याने आपली काही नैतिक हानी झाली, अशी कबुली त्याने मृत्यूनंतर, १८७३ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात दिली.

पहिल्या धड्याचे काय झाले? १८७४ मध्ये त्याचे धर्मविषयक तीन निबंध प्रकाशात आले. पुराव्याने ईश्वर निश्चित सिद्ध होत नाही. तथापि आशेला जागा उरते, असे त्यात वाचून त्याचे कित्येक चाहते चकित झाले. म्हणजे बापाचा निर्णय मुलाने जसाच्या तसा ठेवला नाही. पुरावा मागण्याची सवय तेवढी अखेरपर्यंत ठेवली.

आम्हांस ह्यात मोठा बोध दिसतो. मुलाला देव्हाऱ्यापुढे हात जोडावयास शिकविणारी माता असो, वा घरात देव्हाराच न ठेवणारा पिता असो, मुलाने ‘का?’ म्हटले की दोघांनीही उत्तर दिले पाहिजे. आणि ते उत्तर असे असावे, की मुलाला ते अंगणात जाऊन मोठ्याने सांगता येईल.