हुकलेली तारीख

पुण्यातील स्पायसर विद्यापीठ ज्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे, त्याचे मूळ एका चुकलेल्या हिशेबात आहे. विल्यम मिलर या अमेरिकी शेतकऱ्याने दानीएलाच्या ग्रंथातील २३०० दिवस म्हणजे वर्षे मानून इ. स. पू. ४५७ पासून मोजली. शून्य वर्ष नसल्याने हिशेब १८४४ वर आला; अनुयायांनी २२ ऑक्टोबर ही तारीख धरली. काहींनी शेतातले पीक काढलेच नाही. ऐन वेचणीत कपाशी सोडणे म्हणजे काय, हे वर्ध्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. ख्रिस्त आला नाही. बहुतेक पांगले. उरलेल्यांपैकी काहींनी ती घटना स्वर्गात घडली असे मानले आणि १८६३ मध्ये हा पंथ संघटित केला. पुढे मात्र नवी तारीख दिली नाही. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचन मिलरपुढेही होतेच.