अत्ताराची पेटी

आमच्या जिल्ह्याचा इतिहास म्हटलं की किल्ले येतात, निजाम येतो, रझाकार येतात आणि अलीकडे नावाचा वाद येतो. उस्मानाबाद हे नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलं, २०२३ मध्ये जिल्हा धाराशिव झाला, त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहून झालं आहे. मला आज लिहायचं आहे ते केसांना काय लावायचं या प्रश्नावर. विषय हलका वाटेल. पण इथले मुसलमान आणि त्यांचे शेजारी रोजच्या जगण्यात एकमेकांना कशासाठी भेटत होते हे शोधायचं, तर मला बुरुजापेक्षा अत्ताराची पेटी जास्त उपयोगाची वाटते.

सुरुवात तेरपासून करावी लागते. तेर म्हणजे जुनं तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात ते पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून येतं. तगरचं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई. त्याच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात जटामांसी आणि कोष्ठ आहेत, आणि आत येणाऱ्या मालात राजासाठी आणलेली उंची सुगंधी लेपनं आहेत. म्हणजे डोक्याला लावायच्या वस्तू तेव्हाही समुद्र ओलांडत होत्या. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच एक मूर्ती इटलीत, इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडली. पॉम्पेईच्या मूर्तीत बाईच्या दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी घेतलेल्या दासी उभ्या आहेत. केस पाठीवर वेणीत गुंफलेले आहेत. ती घडवली कुठे यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण तेर आणि भोकरदन ही नावं त्या चर्चेत हमखास येतात. जटामांसी आजही काष्ठौषधीच्या दुकानात पुडीत मिळते, केसांच्या तेलात उकळायला.

आता अत्तार. हे आडनाव आपल्याकडे इतकं ओळखीचं आहे की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. अरबी-फारसीत अत्तार म्हणजे सुगंध विकणारा आणि औषधी विकणाराही. ‘मंतिक-उत-तैर’ लिहिणाऱ्या निशापूरच्या फरीदुद्दीन यांचं ‘अत्तार’ हे नाव त्याच धंद्यावरून आलं. महाराष्ट्रात ही एक बिरादरी झाली. बागवान, तांबोळी, मणियार यांच्यासारखीच ती धंद्यावरून ओळखली जाते आणि इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहे. अत्ताराच्या पेटीत अत्तर, सुरमा, मेहंदी, ऊद असे. आणि त्याच पेटीत कुंकू, बुक्का, अष्टगंध, कापूरही असे. तुळजाभवानीच्या जिल्ह्यात कुंकू विकणारा मुसलमान ही कुणाला नवलाची गोष्ट वाटत नसे. एकाच माणसाकडे सवाष्ण कुंकवाला येई आणि आमच्या नान्या-दाद्या मेहंदीला. शिकेकाई मात्र दोघींना लागे.

या पेटीला दरबारी पूर्वजही आहेत. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. त्याच सुलतानासाठी विजापुरात ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा खास सुगंधांवरचा ग्रंथ लिहिला गेला. आपण पाणीमहालाचा फोटो काढतो, तो बांधणाऱ्या दरबारात वासाची विद्या लिहून ठेवली जात होती हे आपल्याला कुणी शाळेत सांगत नाही. त्याच्याही आधी इब्न सीना यांनी ‘कानून’च्या चौथ्या भागात केसांवर लिहिलं होतं आणि अंदलुसियाचे शल्यवैद्य अल-जहरावी यांनी आपल्या मोठ्या वैद्यकग्रंथाचा एक खंड प्रसाधनाला दिला होता. केसांची निगा हा त्यांच्या लेखी वैद्यकाचाच भाग होता.

दरबारातून बाजारात आलेली सगळ्यात सुंदर चीज म्हणजे फुलेल. साफ केलेले तीळ पसरायचे, त्यावर मोगऱ्याच्या ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुलं. फुलं सुकली की काढून नवी घालायची. तिळाने वास पुरेसा ओढून घेतला की ते घाण्यात गाळायचे. तेलात सुगंध वरून टाकायचा नाही, बीच सुगंधी करायचं. माझ्या मते आज ‘डीप कंडिशनिंग’ म्हणून जे विकलं जातं, त्यातल्या कशातही इतका धीर नाही.

हा शब्द माझ्या घरात आला तो भाचीच्या निकाहच्या निमित्ताने. पार्लरवालीने तिच्यापुढे तीन पर्याय ठेवले होते: हेअर स्पा, प्रोटीन ट्रीटमेंट आणि केराटिन. तिने मला विचारलं, खालाजान, यातलं कोणतं? मी तिला उलट विचारलं, तुझ्या घरी पाणी बोअरचं आहे का? तिला वाटलं मी विषय बदलते आहे. पण जुन्या अत्ताराचा पहिला प्रश्न हाच असे, कोणत्या विहिरीचं पाणी आहे. आमचं पाणी बसाल्टच्या खडकातलं, बहुतेक ठिकाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं. अशा पाण्यात साबण लावला की त्याचा चिकट थर केसांवर बसतो आणि केस काथ्यासारखे होतात. शिकेकाई आणि रिठ्याचा फेस साबणाचा नसतो, जड पाण्यातही तो असा थर धरत नाही. बाजारात साबण आल्यावरही बायका डोक्यासाठी शिकेकाईच मागत, त्याला हे कारण होतं. रसायनशास्त्र त्यांना माहीत नव्हतं, केस माहीत होते.

आणि पाणी नुसतं जड नाही, कमीही. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आमच्याकडेही टँकरची वाट बघत दिवस गेले. अशा मुलखात न्हाणं हा हिशेबाचा मामला असतो. म्हणून आदल्या रात्री तेल, सकाळी एकदाच धुणं. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. उम्मे सलमा यांनी विचारलं, माझ्या वेण्या घट्ट असतात, गुस्लसाठी सोडाव्या लागतील का? उत्तर मिळालं, नाही, डोक्यावर तीन ओंजळी पाणी पुरे. वाळवंटातलं हे उत्तर दुष्काळी बालाघाटातल्या बाईला चटकन समजतं. केस असतील त्याने त्यांचा मान राखावा असंही हदीसमध्ये आहे, आणि रोज रोज केस विंचरण्यातच रमू नये असंही. दोन्ही एकत्र वाचावं.

तेल कोणतं, हा पुढचा प्रश्न. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपलं ते सगळं चांगलं असं नसतं. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल केसांवर तपासून पाहिलं. धुण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केसातलं प्रथिन वाहून जाणं कमी झालं, बाकी दोन्हींनी झालं नाही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं, ते केसाच्या आत शिरतं. कंपनी खोबरेलच विकते हे ध्यानात ठेवावं, पण प्रयोगाचं तर्कशास्त्र पटण्यासारखं आहे. आमच्या मातीतलं तेल मात्र करडईचं, आणि रचनेने ते सूर्यफुलाच्या जवळचं. ते केसावर राहतं, घर्षण कमी करतं, चमक देतं. आत फारसं जात नसावं. नारळ किनाऱ्यावरचा, करडई आमची. परवडलं तेव्हा लोकांनी खोबरेल घेतलं यात त्यांचं काही चुकलं नाही.

पार्लरच्या स्पामधलं क्रीमही बहुतेक वरवरच काम करतं. केस मेलेला असतो, तो बरा होत नाही. खराब झालेल्या केसावर ऋण भार असतो, कंडिशनरमधले धन भाराचे रेणू तिथे चिकटतात आणि केस मऊ लागतो. पुढच्या काही धुण्यांत ते निघून जातं. मेहंदी वेगळी, तिचा रंग केसाच्या प्रथिनालाच धरून बसतो. ‘काळी मेहंदी’च्या पाकिटांपासून मात्र लांब राहावं. मेहंदीचा रंग काळा नसतो, आणि अशा अनेक पाकिटांत पीपीडी हे रसायन असतं, ज्याने काहींची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते.

केराटिनबद्दल मी भाचीला सरळ नाही म्हटलं. केस सरळ करणाऱ्या या उपचारांतल्या अनेकांतून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. तो कर्करोगकारक ठरलेला आहे, मृतदेह टिकवायला वापरतात तेच द्रव्य. काहींनी ते टाळून ग्लायऑक्झिलिक आम्ल आणलं, तर २०२४ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एका तरुणीची हकिकत छापली. ट्युनिशियातल्या सलूनमध्ये तिने हा उपचार तीनदा करून घेतला आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. भाचीने शेवटी आठवड्यातून एकदा रात्री कोमट खोबरेल आणि शेवटच्या धुण्याला टँकरचं गोडं पाणी, एवढंच ठरवलं. पार्लरवाली नाराज झाली. तिचंही पोट त्यावर आहे, हे मला कळतं.

हे सगळं अत्ताराला विचारता आलं असतं. मग तो गेला कुठे? शाम्पूने त्याला मारलं असं सोपं उत्तर दिलं जातं. खरं तर ‘शाम्पू’ हा शब्द आपल्याच चांपण्यावरून, चंपीवरून गेलेला. पाटण्यात जन्मलेले शेख दीन मुहंमद यांनी १८१४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला जाऊन वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केलं आणि पुढे ते राजाचे ‘शाम्पूइंग सर्जन’ झाले. तिथे त्या शब्दाचा अर्थ बदलून केस धुणं असा झाला आणि तो बाटलीत बसून परत आला. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत घातला, त्यांच्या मुलाने १९८३ मध्ये ‘चिक’ काढला, आणि पुडी खेड्यातल्या किराणा दुकानाच्या दारावर लटकली. पुडीला माणूस लागत नाही.

पण त्याआधी १९४८ आहे. पोलीस कारवाईनंतर केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घेतलं; बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. साऱ्या हैदराबाद राज्यात २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा तिचा अंदाज होता. रझाकारांनी त्याआधी केलेले अत्याचारही त्या अहवालात आहेत, ते लपवायचं काही कारण नाही. पण ज्यांनी हातात बंदूक धरली नव्हती, डोक्यावर पेटी धरली होती, त्यांचा धंदा भरवशावर चालणारा होता. अनोळखी वस्तीत शिरायचं, ओसरीवर बसायचं, दुसऱ्याच्या बायकांना केसांचं औषध द्यायचं. हा भरवसा तुटला की पेटी उघडायची कुणासमोर? आणि आज आठवडी बाजारात कुणाकडून काय घ्यायचं नाही असं सांगणारे पुन्हा निघाले आहेत, तेव्हा हे आठवतंच.

अत्ताराचं दुकान पुरतं संपलेलं नाही. शहरात, ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्याच्या उरुसात अत्तर, सुरमा, मेहंदी अजून विकली जाते. बारा महिने चालणारा माल मात्र वेगळा आहे: कफनाचं कापड, कापूर, ऊद, अत्तर. मय्यतीच्या गुस्लला बोरीचा पाला लागतो, तो तेवढा विकत मिळत नाही, बांधावरून आणावा लागतो. अरबस्तानातली सिदर आणि आपली बोर एकाच कुळातली. पैगंबरांच्या लेकीच्या गुस्लची हकिकत उम्मे अतिया यांनी सांगितली आहे. सिदरच्या पाण्याने अंघोळ घातली, शेवटी कापूर, आणि मग केस विंचरून तीन वेण्या घालून पाठीवर सोडल्या. आमच्याकडे हे काम घरातल्या वडीलधाऱ्या बायका करतात. पाला वाटून पाण्यात घातला की त्याला फेस येतो, आणि त्या केस अगदी सावकाश धुतात.