रयतेचे वसतिगृह : दानाकडून स्वावलंबनाकडे

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ग्रामीण महाराष्ट्रातील गरीब मुलापुढे शाळेच्या फीइतकाच निवासाचा व जेवणाचा प्रश्न बिकट होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांना आश्रय दिला; मात्र त्यामागे संस्थानाचे पाठबळ होते. असे पाठबळ नसताना हे कार्य कसे उभे राहिले, याचे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या प्रयोगात मिळते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात विविध जातिधर्मांची मुले एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव देण्यात आले. रोख देणग्या अपुऱ्या पडत, तेव्हा घरोघरच्या मूठभर धान्याचा आधार मिळे. मुले स्वतः स्वयंपाक व श्रमाची कामे करीत.

या पद्धतीमुळे विद्यार्थी उपकाराच्या ओझ्याखाली दबला नाही आणि धान्य देणारा शेतकरी संस्थेचा भागीदार झाला. तथापि, मुलांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. स्वावलंबनाच्या या इतिहासाची पहिली किंमत एका गृहिणीने मोजली, याची नोंद घेतल्याखेरीज तो पूर्ण होत नाही.