हमी, निधी आणि लेखाशीर्ष : महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाचा एक जुना वाद

तुमच्यापैकी जे नोकरी करतात त्यांनी आपलं पगारपत्रक आठवून पाहा. त्यात 'व्यवसाय कर' म्हणून दरमहा २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० झाले. हा कर कशासाठी सुरू झाला, असं विचारलं तर दहातले नऊ जण खांदे उडवतात. आजचं व्याख्यान त्या कापलेल्या पैशाच्या वाटेनं जायचं आहे, कारण राज्य सरकारच्या आजच्या अर्थसंकल्पावर होणारी टीका त्या वाटेवरूनच नीट समजते.

हा कर आला १९७५ साली. त्याच्या मागे होता १९७२चा दुष्काळ. त्या दुष्काळाच्या गोष्टी अजून घराघरांत आहेत. मिलोची भाकरी, सुकडी, उन्हात खडी फोडणाऱ्या बाया. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्यातून राज्यकर्त्यांना एक गोष्ट कळली, किंवा कळून घ्यावी लागली म्हणा: माणसं फुकटचं धान्य मागत नव्हती, काम मागत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तर दुष्काळाच्या आधीपासून सांगत होते. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी १९६५च्या सुमारास याचा प्रयोगही करून पाहिला होता. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावरच्या आपल्या पुस्तकात ग्रामीण भागात सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याची मांडणी केली होती. म्हणजे विचार तयार होता. प्रश्न होता पैशाचा.

आणि इथे महाराष्ट्रानं जे केलं ते मला आजही मोठं वाटतं. रोजगार हमीसाठी स्वतंत्र कर लावले गेले. शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर, मोटार वाहनांवर आणि विक्रीवर जादा कर, बागायती जमिनीवर विशेष आकार. जेवढी रक्कम या करांतून जमेल तेवढीच सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून जतच्या मजुराची मजुरी, असा तो सरळ हिशेब होता. कुणाच्या मेहेरबानीचा त्यात प्रश्न नव्हता. काम मागितलं तर १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. मजूर सरकारला जाब विचारू शकत होता.

आता दुसरी बाजू. कायदा कागदावर तसाच राहिला, पण पैशाला वाटा फुटू लागल्या. १९८८ साली मजुरी सहा रुपयांवरून बारा रुपये झाली. चांगलीच गोष्ट. पण मजुरी वाढल्याबरोबर कामं उघडण्याचं प्रमाण घटलं. हमी मोडल्याचं कुणी जाहीर केलं नाही. तहसील कचेरीत अर्ज घेताना "सध्या काम नाही" एवढंच सांगितलं गेलं. पुढे १९९०पासून फळबाग लागवड आणि विहिरींच्या योजना रोजगार हमीला जोडल्या गेल्या. त्या फळबागांनी कोरडवाहू शेतकऱ्यांचं भलं केलं, हे नाकारण्याचं कारण नाही. पण बाग त्याचीच होते ज्याच्याकडे जमीन आहे. भूमिहीनाच्या नावानं गोळा केलेल्या पैशाचा एक हिस्सा असा जमीनवाल्याकडे वळला. शिवाय कर जमत राहिले, पण ते सगळे निधीत गेले का, सरकारनं आपला बरोबरीचा वाटा घातला का? महालेखापरीक्षकांच्या अहवालांनी यावर वेळोवेळी बोट ठेवलं. वर्तमानपत्रांत ते आतल्या पानावर यायचं.

पुढे २००५ साली केंद्राचा रोजगार हमी कायदा झाला आणि मजुरीचा मोठा भार दिल्लीनं उचलला. आपला व्यवसाय कर मात्र चालूच राहिला.

या पार्श्वभूमीवर २८ जून २०२४चा अतिरिक्त अर्थसंकल्प पाहा. २१ ते ६० वयाच्या, अडीच लाखांपेक्षा कमी कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये. वर्षाला ४६ हजार कोटी रुपयांचा खर्च सांगितला गेला. नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली आणि प्रचारात १,५००चे २,१०० करण्याचं वचन दिलं गेलं. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात रक्कम १,५००च राहिली आणि तरतूद ३६ हजार कोटींवर आली. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली आहे.

इथे मला दोन टीकांमध्ये फरक करायचा आहे. एक टीका अशी की फुकट पैसे देऊन लोकांना आळशी करतात. ही टीका मला पटत नाही, आणि ती करणारे बहुतेक लोक पंख्याखाली बसलेले असतात. ज्या बाईनं आयुष्यभर नवऱ्यापुढे हात पसरला, तिच्या स्वतःच्या खात्यात १,५०० रुपये येणं ही लहान गोष्ट नाही. दुसरी टीका खरी आहे: हे पैसे कुठून येतात, आणि ती बाई उद्या ते हक्कानं मागू शकते का? १९७५ साली योजनेबरोबर करही आला होता आणि मागोमाग कायदा. या वेळी योजना आली ती भाषणातून. निकष काय, नाव राहिलं की वगळलं, हे शासन निर्णयावर ठरतं.

पैसे कुठून येतात याचं एक उत्तर २०२५च्या उन्हाळ्यात दिसलं. सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारचा युक्तिवाद असा, की लाभार्थी महिलांमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या महिला आहेतच, मग वळवलं कुठे?

हा युक्तिवाद नवा नाही. आदिवासी उपयोजना सुरू झाली तेव्हा प्रत्येक खातं हेच करायचं. रस्ता तालुक्याला जाणारा, पण वाटेत आदिवासी पाडा आहे, म्हणून खर्च आदिवासींच्या नावावर. हे थांबवण्यासाठी सुकथनकर समितीच्या शिफारशीनुसार १९९३-९४पासून महाराष्ट्रानं पद्धत बदलली: लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ९ टक्के रक्कम आधी बाजूला काढायची आणि ती कुठे खर्च व्हावी हे आदिवासी विकास विभागानं ठरवायचं. हे सूत्र पुढे देशभर वाखाणलं गेलं. सर्वांसाठीच्या योजनेतला वाटा आदिवासी बाईला गरीब महिला म्हणून मिळतोच; उपयोजनेतला पैसा त्याच्या वरचा, वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी, आश्रमशाळेसाठी. दोन्ही एकाच खिशातून दिले, तर पहिला हक्क देताना दुसरा काढून घेतल्यासारखं होतं.

मग कायदा केला की झालं, असं कुणी म्हणेल. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकानं २०१३ साली या उपयोजनांच्या निधीसाठी कायदे केले. तरीही कर्नाटकात काँग्रेस सरकारनं २०२४-२५मध्ये आपल्या पाच हमी योजनांसाठी या निधीतले १४ हजार कोटींहून अधिक रुपये धरले. म्हणजे पक्ष वेगळा, कायदा हाताशी, आणि युक्तिवाद शब्दशः तोच. म्हणून अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवरचं भाषण ऐकून झाल्यावर, त्या भाषणाबरोबर जी जाड पुस्तकं सभागृहात ठेवली जातात, ती उघडायला हवीत. ती वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मराठीतही असतात. त्यात लेखाशीर्षाखाली पुढच्या वर्षाच्या अंदाजाशेजारी हेही रकाने दिसतील: गेल्या वर्षीचा अंदाज, सुधारित अंदाज आणि त्याच्या आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. तुमच्या जिल्ह्यातल्या वसतिगृहाचं काय झालं, ते प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात असतं.